समोरच्याला ऐकवता येईल असं रॅप: मालवण किनाऱ्यावरच्या एका गाण्याचं प्रकरण

मालवण तालुक्यातल्या एका किनाऱ्याच्या गावातल्या दोन पोरांनी मालवणीत सहा गाण्यांचा हिप-हॉप अल्बम काढला. पाच गाण्यांचं गावाने कौतुक केलं आणि विषय संपला. चौथ्या गाण्यावरून मात्र रापणीतली, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारी जुनी माणसं रुसली, पर्ससीन जाळ्याच्या मोठ्या बोटींवरच्या खलाशांनी ते बोटीवर लावलं, एका भजनीबुवांनी त्याला भजनातल्या गजरातून उत्तर दिलं आणि बाजारात म्हावरं, म्हणजे मासळी, विकणाऱ्या बायांनी त्यात काय राहून गेलंय ते पोरांना तोंडावर सांगितलं. अल्बमचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग माझ्याकडे होतं, त्यामुळे गाणं बनताना आणि बाहेर पडल्यावर, दोन्ही वेळा मी जवळ होतो.

माझं म्हणणं आधीच मांडतो. ज्याच्यावर गाण्यात बोट ठेवलंय तो माणूस समोर बसून ऐकणार आहे, असं धरून हे गाणं लिहिलं गेलं. उरलेली पाच तशी लिहिलेली नव्हती. या प्रकरणातलं जे काही शिकण्यासारखं आहे ते या एका फरकातून निघतं.

भांडण कशाचं

गाण्याचा विषय समुद्रातल्या वाट्याचा आहे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर रापण ही जुनी सामाईक मासेमारी. होडीतून जाळं अर्धगोल टाकत नेतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन रांगा करून माणसं ते ओढतात. ओढताना कोणी कोणाचा मालक नसतो. जाळं वर आलं की मासळीचे वाटे पडतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. वाटेने जाता जाता दोराला हात लावणाराही सहसा रिकाम्या हाताने परत जात नाही.

पर्ससीनचं गणित वेगळं. पाण्यात थवा दिसला की त्याच्याभोवती जाळ्याची भिंत उभी करायची, तळाची दोरी खेचून बटव्यासारखं तोंड आवळायचं आणि बांगडा, तारली अख्ख्या थव्यानिशी उचलायची. थवा बाहेरच उचलला गेला की किनाऱ्यावरच्या रापणीत काय येणार? हा वाद रस्त्यावर आला, समुद्रातही पेटला. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने राज्याच्या हद्दीत पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम ठेवला. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने मासळी खेचायला एलईडी दिवे लावून मासेमारी करायला बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवले. राज्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, त्यापलीकडे केंद्राचा अंमल, आणि रात्री समुद्रात ही रेषा कोणाला दिसत नाही.

कागदावर हे दोन गट झाले. गावात तसं नसतं. एकाच घरातला थोरला रापणीत आणि धाकटा पर्ससीनवर खलाशी, हे चित्र मालवणपासून देवगडपर्यंत कुठेही बघा.

पहिला मसुदा

लिहिणारा पोरगा रापणकाराचा. बीट करणाऱ्याचे मामा पर्ससीन बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख. ही दोन वाक्यं लक्षात ठेवली तर पुढचं सगळं समजतं.

पहिल्या मसुद्यात मामा कुठेच नव्हते. परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर होते, रात्री दिवे लावणारे होते, मंत्री होते, 'साहेब' होते. पोराने जोरात म्हणून दाखवलं आणि ऐकणाऱ्या सगळ्यांनी माना डोलावल्या. ओळी वाईट नव्हत्या. पहिल्या कडव्यातल्या या दोन तर शेवटपर्यंत राहिल्या:

दोर खांद्यार, पाय रेवेत, बापूस म्हणता ओढ
दर्यान दिल्यान ता वाटून खाल्लां, कोण म्हणता चोर?

पण पुढच्या कडव्यात तो ज्यांना शिव्या देत होता त्यांच्यातलं कोणीच गावात नव्हतं. ट्रॉलरवाला मालवणी ऐकणार नाही, मंत्री हे गाणं लावणार नाही. अशा गाण्याला टाळी हमखास मिळते, कारण टाळी वाजवणाऱ्या कोणालाच ते लागत नाही. मुंबईच्या गल्ल्यांतून आलेलं रॅप ऐकून मोठी झालेली ही पिढी आहे. तिथलं रॅप आपल्या गल्लीचं नाव घेऊन बाहेरच्या शहराला सुनावतं आणि तिथे ते खरंच असतं, कारण शहर रोज अंगावर येतं. गावातल्या पोराने तीच तऱ्हा उचलली की सुनावायला समोर कोणी उरत नाही.

हे त्यांना सांगायला मी हिप-हॉपचा दाखला दिला नाही, डबलबारीचा दिला. सिंधुदुर्गात लहानाचा मोठा झालेला कोणीही रात्र रात्र जागून डबलबारी ऐकलेला असतो. दोन बुवा समोरासमोर. एकाचा अभंग, गवळण, गजर झाला की दुसऱ्याची पाळी. एक कोडं घालतो, टोमणा मारतो, दुसरा आपल्या बारीत त्याची परतफेड करतो. पखवाजवाले आपसात भिडतात, कोरस चढतो, समोर बसलेली माणसं निवाडा करतात. वर रत्नागिरीकडे गेलात तर शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात हेच, फक्त बुवांच्या जागी शाहीर आणि सोबत जाखडी या लोकनाचाचे नाचे. यातली मुख्य अट अशी की ज्याला टोचायचं तो पाच हातांवर बसलेला असतो आणि त्याची पाळी पुढची असते. त्यामुळे खोटं बोललात तर तिथल्या तिथे उघडे पडता. न्यूयॉर्कच्या पोरांनी रॅपच्या जुगलबंद्या सुरू केल्या त्याला अजून साठ वर्षंही झालेली नाहीत. आपल्याकडे हा अखाडा त्याआधीपासून चालू आहे आणि पोरांच्या स्वतःच्या घरासमोर चालू आहे.

लिहिणाऱ्याने दुसरं कडवं फाडलं. नवं आणलं ते असं सुरू झालं:

मामा, तुझी बोट मोठी, इंजिनाचो आवाज मोठो
तुझ्या जाळ्यात बांगडो इलो, आमच्या पाटयेत तोटो

मामा त्याचे सख्खे नव्हेत. पण गावात मित्राचा मामा तो आपलाही मामा, आणि त्या एका हाकेने ट्रॉलर, मंत्री, साहेब सगळे गाण्यातून बाहेर गेले.

मामांसमोर

बीट करणाऱ्याने अट घातली की गाणं बाहेर पडायच्या आधी मामांनी ऐकायचं. मासेमारी बंदीचे दिवस होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात, म्हणून तर खलाशी, तांडेल आणि रापणकारांची पोरं एका वेळी मोकळी सापडली. बहुतेक अल्बम पावसात रेकॉर्ड झाला त्याचं कारणही तेच.

मामा पडवीत जाळं शिवत बसले होते. मान वर न करता त्यांनी पूर्ण ऐकलं. दुसऱ्या कडव्यात रात्री दिवे पेटवून समुद्र जाळल्याची एक ओळ होती, तिथे त्यांचा हात थांबला. गाणं संपल्यावर म्हणाले, "माझ्या बोटीर लाईट नाय लावणत. होयतर गाळी घाल, पण खोट्या घालू नको."

मग ते बराच वेळ बोलले. बोट मालकाची. जाळं लाखांचं, त्यावर कर्ज. हंगाम चार महिन्यांचा, हप्ते बारा महिन्यांचे. चार महिने संपले की खलाशांना पोसायचं कोणी? बाहेरच्या ट्रॉलरनी रापणीचं जेवढं नेलं तेवढंच आमचंही नेलं, असं त्यांचं म्हणणं. यातलं किती पटतं हा भाग वेगळा. मला स्वतःला पर्ससीनवरची बंधनं योग्य वाटतात आणि मामांचं बोलणं ऐकूनही वाटतात. पण गाण्यात नसलेली माहिती त्या पडवीत होती, आणि ती ज्याच्यावर आरोप केला त्याच्याचकडे होती.

दिव्यांची ओळ गेली. तिच्या जागी लिहिणाऱ्याने मामांचं उत्तर घातलं, कडव्याच्या शेवटच्या चार ओळी त्यांना दिल्या. त्यातल्या दोन:

भाच्या, बोट मालकाची, माझो फकस्त हात
चार म्हयने समुद्र माझो, आठ म्हयने रात

या ओळी मामांनी स्वतः म्हणाव्यात असं पोरांना वाटत होतं. ते नाही म्हणाले. बीट करणाऱ्याने म्हटल्या, आपल्या मामाच्या ढबीत, आणि हे जास्त बरं झालं असं मला वाटतं. भाच्याच्या तोंडून मामाची बाजू ऐकताना त्या पोराची कोंडी आपोआप कळते, ती वेगळी सांगावी लागत नाही.

यमक आणि ठेका

मालवणीत रॅप लिहिणाऱ्याला एक सापळा असतो. पुल्लिंगी सगळं ओकारान्त: इलो, गेलो, झालो, मेलो. ओळीच्या शेवटी क्रियापद टाकलं की यमक फुकट मिळतं, आणि फुकटच्या यमकाने चार ओळींत कान कंटाळतो. या पोराने नियम केला की क्रियापदावर ओळ सोडायची नाही, नाईलाज असेल तिथेच सोडायची. 'मोठो' आणि 'तोटो' यमक म्हणून बसतात कारण एक विशेषण आहे, एक नाम आहे, आणि अर्थानेही ते एकमेकांना धडकतात. 'हात' आणि 'रात' तर ओकार सोडूनच गेले, म्हणून मामांचं उत्तर वेगळ्या माणसाचं वाटतं. ळकाराचाही त्याने फार हुशारीने वापर केला. जाळां, गाळ, वेळ, खेळ हे शब्द ठेक्यावर आपटले की त्यांचा आघात वाद्यासारखा ऐकू येतो.

ध्रुवपद एका ओळीचं: "सगळ्यांचो वाटो, माझो वाटो खंय (कुठे)?" रापणकारही हेच विचारतो, तांडेलही हेच विचारतो. पहिल्या कडव्यानंतर ती ओळ एका माणसाची वाटते, दुसऱ्या कडव्यानंतर तीच दुसऱ्याची होते.

बीटमध्ये सुरुवातीला रोलँडच्या ८०८ चा खर्ज होता. १९८० साली आलेल्या त्या ड्रम मशीनचा आवाज आज जगभरच्या हिप-हॉपमध्ये आहे आणि त्यात काही गैर नाही. अडचण ऐकणाऱ्याच्या हातात होती. गावात गाणं फोनच्या स्पीकरवर ऐकतात, आणि इतका खालचा सूर त्या स्पीकरमधून निघतच नाही. बोटीवर ऐकायचं तर डिझेल इंजिनाची घरघर नेमकी तोच पट्टा खाते. पोरांनी डबलबारीच्या एका व्हिडिओतून पखवाजाचा तुकडा उचलून लावून पाहिला, आणि तो बसला. हिप-हॉपचा जन्म सांगताना ११ ऑगस्ट १९७३ ची न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली पार्टी सांगतात, तिथे डीजे कूल हर्कने हेच केलं होतं: रेकॉर्डमधला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा पकडून तो लांबवला, कारण नाचणारे त्याचीच वाट बघत असत.

पण उचललेला तुकडा ठेवायचा नाही यावर मी अडून बसलो. अभंग पिढ्यान्‌पिढ्यांचा असेल, त्याचं रेकॉर्डिंग तसं नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावर ६० वर्षं हक्क असतो आणि वाजवणाऱ्या कलाकाराचा स्वतंत्र हक्क ५० वर्षांचा. कायदा बाजूला ठेवला तरी वाटा मागणाऱ्या गाण्यात दुसऱ्याची थाप न विचारता घेणं शोभलं नसतं. म्हणून शेजारच्या वाडीतल्या पखवाजवाल्यालाच बोलावलं.

जुलैतल्या ओल्या हवेत पखवाजाची चामड्याची पुडी सैल पडून उतरते. गठ्ठे ठोकून तो पखवाज चढवत होता, दोन टेक झाले की पुन्हा उतरत होता. डाव्या पुडीला कणीक लावून काढलेला 'धुम' इतका भरीव आला की ८०८ पूर्ण काढून टाकला. त्या धुमला खालच्या सुराबरोबर वरचे स्वरही असतात, त्यामुळे फोनवरही तो कळतो. लय मिनिटाला ९० ठोक्यांच्या आसपास ठेवली, ती रापण ओढणाऱ्यांच्या मागे सरकणाऱ्या पावलांची दुप्पट. या लयीत चार ठोक्यांचं एक आवर्तन साधारण पावणेतीन सेकंदांचं होतं, म्हणजे सोळा आवर्तनांचं कडवं पाऊण मिनिटाच्या आत संपतं. लिहिणाऱ्याला रापणीची सगळी रीत सांगायला एवढीच जागा होती.

घर कौलारू. पाऊस आला की आवाजाचं रेकॉर्डिंग बंद. नाजूक कंडेन्सर माईक बाजूला ठेवून साधा डायनॅमिक शुअर एसएम५८ घेतला, कारण तो समोरचं ऐकतो आणि कौलांवरची सर बरीचशी सोडून देतो. भिंतींना गोधड्या लावल्या. मिक्स झाल्यावर आम्ही ते किनाऱ्याला लागलेल्या बोटीत इंजिन चालू करून ऐकलं आणि शब्दांचा स्पष्टपणा तिथे वाढवला. हेडफोनवर ते गाणं किंचित टोकदार वाटतं. ते तसंच ठेवलं.

गणपतीत

अल्बम गणेश चतुर्थीच्या आधी बाहेर पडला. कोकणात काही ऐकवायचं असेल तर हाच मुहूर्त, चाकरमानी आलेले असतात आणि घरोघरी भजनं चालू असतात.

मुंबईकरांनी पहिलं कडवं डोक्यावर घेतलं. भांडुप, लालबाग, डोंबिवलीहून आलेल्या पोरांनी दोर खांद्यावर घेतल्याच्या रील केल्या, त्यात बहुतेकांनी ध्रुवपदावर तुकडा तोडला. दुसरं कडवं त्या रीलमध्ये नाहीच. याचं पोरांना वाईट वाटलं, आणि मला ते रास्त वाटतं. सुट्टीत आलेल्याला गावाचं दुःख हवं असतं, गावाचं भांडण नको असतं. त्या तुकड्यांमुळे गाणं लांब गेलं हे खरं, पण लांब गेलं ते अर्धंच.

गावात नेमकं उलटं झालं. पहिल्या कडव्यावर कोणी काही बोललं नाही, ते सगळ्यांना माहीतच होतं. दुसऱ्यावरून पेटलं. रापणीतल्या एका ज्येष्ठांनी लिहिणाऱ्याच्या वडिलांना विचारलं, "ह्या गाणा कोणाच्या बाजूचा?" आपल्याच घरातल्या पोराने पर्ससीनवाल्याला बोलायला जागा दिली, हे त्यांना लागलं. वर्षानुवर्षं मोर्चे काढलेल्या, निवेदनं दिलेल्या माणसांचा हा राग होता आणि त्याला वजन होतं. सार्वजनिक गणपतीसमोर ते गाणं लावू नये असं ठरलं. पोरांनी वाद घातला नाही. त्याच आठवड्यात पर्ससीनचा हंगाम सुरू झाला आणि बोटींवर ते वाजू लागलं, मामांच्या बोटीवर आधी. खलाशांना 'आठ म्हयने रात' एवढं पाठ झालं की लिलावाच्या वेळी भाव पडला की कोणीतरी तेवढंच म्हणायचं.

सगळ्यात मोलाचं उत्तर आलं ते भजनात. गावच्याच एका बुवांनी, ज्यांचं आयुष्य डबलबारीत गेलं, एका घरच्या भजनात गजर चढवला आणि त्याच्या मध्येच पोराच्या ध्रुवपदाची चाल धरली. प्रश्न पोराचा, उत्तर त्यांचं: वाटा मागतोस, पण दोराला तुझा हात शेवटचा कधी लागला? लिहिणारा समोर बसला होता. अख्खं घर त्याच्याकडे वळलं. तो कुडाळला नोकरी करतो आणि रापणीला सुट्टीच्या दिवशीच जातो, हे सगळ्यांना माहीत. त्याने हात जोडले. बुवांनी लगेच गजर पुढे नेला, एका टोमण्यावर ते थांबले नाहीत. एवढ्या जवळून, एवढ्या नेमकेपणाने या अल्बमची समीक्षा दुसऱ्या कोणी केली नाही. आणि हे गाणं डबलबारीच्या रीतीत बसतं हे बुवांनी मान्य केलं, याचा पुरावाही तोच. उत्तर द्यायच्या लायकीचं नसतं तर त्यांनी ते गजरात घेतलंच नसतं.

पैसे

स्ट्रीमिंगवरून येणारी रक्कम लहान आहे, तरी वाटणी आधीच कागदावर लिहिली होती आणि ती रापणीसारखी. लिहिणाऱ्याचा एक वाटा, बीटचा एक, पखवाजाचा एक, मिक्सिंगचा एक, आणि लॅपटॉप-माईकचा एक, जाळ्याचा असतो तसा. साधनाचा वाटा बाजूला राहतो, त्यातून पुढची दुरुस्ती. पखवाजवाल्याने आधी एकरकमी बिदागी मागितली होती. वाट्याची पद्धत सांगितल्यावर त्याने ती घेतली नाही, म्हणाला, मग मी वाट्यात. स्वतंत्रपणे गाणी काढणाऱ्या प्रत्येक गटाने निदान एवढा एक कागद करावा असं मी आग्रहाने सांगेन, कारण पैसे आल्यावर मैत्रीत हिशोब बोलणं जड जातं.

बाजारातून

गणपती उरकल्यावर लिहिणारा मालवणच्या बाजारात गेला होता. तिथे त्याच्या गावची एक काकी म्हावरं विकते. तिने पाटीवरचं पाणी निथळत त्याला सुनावलं, "म्हावरा किनाऱ्यार येता आणि तुमचा गाणा संपता. मगे ता ईकता कोण?" शेजारच्या दोघी तिला सामील झाल्या. बर्फाचे दर, टेम्पोचं भाडं, पहाटेचा लिलाव, उधारी न फेडणारं हॉटेल, सगळं त्यांनी एका दमात त्याच्यासमोर ओतलं. वाट्यावरचं गाणं, आणि मासळीचे पैसे ज्यांच्या हातून घरात येतात त्या बायका त्यात एका शब्दाने नाहीत. बुवांनी काढलेल्या उणिवेपेक्षा ही मला मोठी वाटते. बुवांचा टोमणा पोरावर होता, काकीचा गाण्यावर.

आता या गाण्याचं उत्तर म्हणून दुसरं गाणं लिहिलं जातंय. काकीने तिच्या ओळी स्वतः सांगितल्या आहेत आणि त्या तिच्याच आवाजात हव्यात असं तिचं म्हणणं आहे. ठेका पखवाजाचाच, पण थोडा जलद, लिलावाच्या बोलीइतका. मधला गजर बुवांनी म्हणावा म्हणून पोरं त्यांच्याकडे गेली तेव्हा ते लगेच तयार झाले, एका अटीवर: "तू समोर बसतलंस तर मी गातलंय." रेकॉर्डिंग पुढच्या बंदीच्या काळात ठरलं आहे, मामांनाही बोलावलं आहे, आणि या वेळी ते स्वतः चार ओळी म्हणायला तयार आहेत.